दीड हजार नेमके कुठे अडतात

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला की चार दिवस कोटींची चर्चा चालते. कुठल्या योजनेला किती, कुणाची रक्कम वाढली, कुणाची तशीच राहिली. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईचा सरकारी योजनेचा दीड हजारांचा हप्ता मात्र अडतो तो भलत्याच ठिकाणी. बहुतेक वेळा बँकेत.

लाडकी बहीण, संजय गांधी निराधार, श्रावणबाळ या सगळ्यांचे पैसे आता आधारवरून थेट खात्यात येतात. इथे एक घोळ हमखास होतो. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स पाच बँकांत दिलेली असू शकते, पण सरकारी पैसा येण्यासाठी सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडलंय ती नोंद, एका वेळी एकाच बँकेचं असतं. एखाद्या शिबिरात किंवा मोबाईलच्या दुकानात ‘झिरो बॅलन्स’ खातं उघडलं आणि फॉर्मवर संमतीची खूण झाली, की सीडिंग तिकडे सरकतं. पैसे येतात, पण नव्या खात्यात, आणि बाई जुनं पासबुक भरून घ्यायला रांगेत उभी.

मायआधारच्या साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद ते दिसतं. बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत त्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा, आधीच्या बँकेचं नाव त्यात लिहा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. नवऱ्यासोबतचं जोडखातं देऊ नका, स्वतःच्या एकटीच्या नावाचं द्या.

दुसरी अडचण ६५ व्या वर्षाची. लाडकी बहीण २१ ते ६५ वयापर्यंत, श्रावणबाळ ६५ पासून पुढे. कागदावर एक संपलं की दुसरं सुरू, पण एका यादीतलं नाव आपोआप दुसऱ्या यादीत जात नाही. तहसीलच्या संजय गांधी शाखेत नवा अर्ज, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं नव्याने. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी अशी ढोबळ पडलेल्या बायका पुष्कळ आहेत. ती सुधारायची तर आधीच, कारण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. शहरातून कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत राहायला गेलेल्यांनी लक्षात ठेवावं, आता तालुका दक्षिण सोलापूर, म्हणजे अर्जही तिथल्याच तहसीलला.

श्रावणबाळला उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे महिना १,७५०. योजनेचेच वर्षाला १८,००० होतात! जुलै २०२३ मध्ये रक्कम हजारावरून दीड हजारावर नेली, तेव्हा ही मर्यादा काही हलली नाही. त्यामुळे दाखल्यांची ओढाताण होते: नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी साठ हजारांचा दाखला आणि आजीच्या अर्जाला वीस हजारांचा, एकाच रेशनकार्डावर, एकाच तहसीलमध्ये. असा अर्ज कुठे अडकणार ते सांगायला नको.

विडी कारखान्यातून पीएफची पेन्शन घेणाऱ्यांना, म्हणजे ईपीएस ९५ वाल्यांना, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबरच हवा असं नाही. ज्या तारखेला द्याल तिथून बारा महिने चालतो. तेंदूपत्ता आणि तंबाखू हाताळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, मशीन ठसा घेतच नाही. चार वेळा बोट दाबत बसण्यापेक्षा चेहऱ्यावरून करा. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घ्या. आधी फोन हाताळणाऱ्याचं ऑपरेटर म्हणून प्रमाणीकरण, मग पेन्शनरचा आधार आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक. चेहऱ्यावर उजेड समोरून पडू द्या, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करा. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा मेसेज आला म्हणजे काम झालं असं समजू नका. पीपीओ क्रमांक चुकला किंवा पेन्शन मंजूर करणारं कार्यालय ईपीएफओ (पीएफ कार्यालय) ऐवजी दुसरं निवडलं गेलं, तर दाखला तयार होऊनही नामंजूर होतो. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचं स्पेलिंग पीएफमध्ये एक आणि आधारवर दुसरं असतं, तेही नोकरी चालू असतानाच कारखान्याकडून जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या सहीचा दुरुस्तीचा अर्ज भरून जुळवून घ्यावं. कारखाना बंद पडल्यावर सहीला माणूस शोधत फिरावं लागतं.

नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफ लागलेल्या कामगाराला एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये लागणाऱ्या पोरांनी सरकारी उमंग ॲपवर चेहरा दाखवून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, स्वतः काढावा आणि दर महिन्याला पासबुकात कपात जमा झाली का ते बघावं. पूर्वी कुठल्या ठेकेदाराने महिनाभर जरी पीएफ भरला असेल तरी ‘पहिल्यांदा’ यात बसत नाही.