आमची वाटचाल : केळीची रोपे आणि वनस्पतिशास्त्राची पदवी

यावल तालुक्यातली आमची रोपवाटिका २००८ साली दोन शेडनेटवर उभी राहिली. मोठ्या प्रयोगशाळेतून बोटाएवढी ऊतिसंवर्धित (वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून काचेच्या बाटलीत वाढवलेली) रोपे आणायची, ती पिशव्यांत वाढवून कणखर करायची आणि मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची लागवड) किंवा कांदेबाग (पावसाळा सरतानाची) लावणाऱ्या शेतकऱ्यांना द्यायची, एवढेच तेव्हा आमचे काम होते. पुढे स्वतःची छोटी प्रयोगशाळा झाली. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेले असल्यामुळे रोपांची नोंदणी करायला येणारे पालक दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात : "भाऊ, पोराला या शिक्षणाला घातलं तर पैसे वसूल होतील का?" त्याचे उत्तर आमच्या धंद्याच्या अनुभवातून देणेच मला रास्त वाटते.

आधी खर्च पाहू. बी.एस्सी.ची तीन वर्षे आणि एम.एस्सी.ची दोन, अशी पाच वर्षे मी शिकलो. अनुदानित महाविद्यालयाची फी आमच्या घराला जड गेली नाही; जड गेले ते जळगावातले खोलीभाडे आणि मेस, आणि त्याहूनही अधिक म्हणजे तेवढी वर्षे शेतातला घरचा एक माणूस कमी झाल्याने अप्पांना, म्हणजे वडिलांना, लावावा लागलेला सालदार. फीचा आकडा विचारणारे पालक हा दुसरा खर्च बहुधा धरतच नाहीत. बी.एस्सी. कृषीची चार वर्षे, म्हणजे आठ सत्रे असतात, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाअंतर्गत असलेल्या धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर तो खर्च पेलण्यासारखा असतो. विनाअनुदानित महाविद्यालयात मात्र त्याच पदवीची फी कितीतरी पट होते. जमीन गहाण ठेवून ती भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या क्षेत्रातला पहिला पगार कर्जाचा हप्ता ओढू शकेल इतका नसतो. आमच्याकडेही तो नसतो.

आता मिळकत. प्रयोगशाळेतले हातकाम पदवीवाचून उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे. लॅमिनारच्या, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटाच्या, काचेमागे बसून कंदाच्या कोंबाचे एकेक आवरण सोलत आतला पांढराशुभ्र वाढबिंदू अलगद मोकळा करणाऱ्या आमच्या मुली बारावीपर्यंत शिकलेल्या आहेत, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. रोपे ज्यात वाढतात त्या पोषक माध्यमाचा सामू (पीएच) ५.८ ठेवणे, ते १२१ अंशांवर निर्जंतुक करणे हेही सरावाने येते. पदवीची गरज लागते ती निर्णयाच्या वेळी. एका कंदापासून पुनःपुन्हा विभाजन करत राहिलो तर रोपांची संख्या वाढते आणि हंगामात पैसाही दिसतो. पण साधारण आठ फेऱ्यांपलीकडे गेल्यास वेगळ्या गुणधर्माची, बिघडलेली रोपे निघण्याचा धोका वाढतो आणि ते शेतकऱ्याला लागवडीनंतर कित्येक महिन्यांनी कळते. मागणी जोरात असताना कुठे थांबायचे हे ठरवायला पेशीविभाजन समजलेले असावे लागते.

याचा सर्वांत मोठा प्रत्यय आम्हाला सीएमव्हीने, म्हणजे काकडीवरच्या मोझॅक विषाणूने, दिला. आपल्याकडे शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. एका पावसाळ्यात शेडनेटमधल्या काही रोपांच्या पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे दिसले. अनुभवी मजुरांना ती अन्नद्रव्याची कमतरता वाटली आणि त्यांनी फवारणी सुचवली. नुकतीच एम.एस्सी. होऊन रुजू झालेल्या आमच्या सहकारी ताईने पाने उलटी करून मावा दाखवला, शेजारच्या बांधावरची काकडीवर्गीय वेल दाखवली, नमुने तपासणीला पाठवले आणि अहवाल येईपर्यंत ती सगळी तुकडी विक्रीतून बाजूला काढायला लावली. अहवालात विषाणू निघाला. आम्ही ती रोपे नष्ट केली. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ रोपे बसतात, आणि बाधित रोपावर औषध नसल्यामुळे ते उपटून टाकण्याखेरीज शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. त्या तुकडीतून वाचलेल्या बागांचा हिशेब केला तर ताईच्या शिक्षणाचा खर्च एका हंगामात भरून निघाला, असे मी अभिमानाने सांगतो. त्यानंतर तिचा पगारही आम्ही त्या प्रमाणात वाढवला.

कृषी आणि वनस्पतिशास्त्र या दोन पदव्यांतला एक फरक पालकांनी प्रवेशाआधी समजून घ्यावा. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी पदवी चालते, तशी वनस्पतिशास्त्र विषय असलेली विज्ञानाची पदवीही चालते. शेतीविषयक सल्ला-सेवा केंद्र काढण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या कृषी चिकित्सालय योजनेत मात्र कृषी पदवीधराला थेट वाव आहे. कर्जावर ३६ टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के अनुदान मिळते. नुसत्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर ते दार उघडत नाही. ज्याला स्वतःचा धंदा करायचा आहे त्याने कृषीकडे जावे, आणि ज्याला प्रयोगशाळेची ओढ आहे त्याने वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी.पर्यंत जाण्याची तयारी ठेवावी, कारण मधेच थांबणाऱ्याला आमच्यासारख्या ठिकाणी देण्याजोगे काम थोडे असते.

बारावीची परीक्षा दिलेल्या मुलामुलींना आम्ही आता उन्हाळ्यात मानधनावर कामाला घेतो. पिशव्या भरणे, रोपांची प्रतवारी, प्रयोगशाळेतली स्वच्छता, सगळे करायला लावतो. प्रवेशाचा अर्ज त्यांनी त्यानंतर भरावा, असे त्यांच्या वडिलांना आधीच सांगून ठेवलेले असते.