कर्नाळा, लहान मुलांच्या चालीने

लहान मुलांना घेऊन कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जायचं असेल तर किल्ला आधी मनातून काढून टाका. महामार्गावरूनच तो सुळका दिसायला लागतो आणि मोठ्यांचे पाय शिवशिवतात. पण वर पोहोचायला चालायची सवय असलेल्यांनाही दीड-दोन तास लागतात, चढ चांगलाच दमवतो आणि सुळक्याला आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना तिथे नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी खालचं जंगल पुष्कळ आहे.

हे अभयारण्य 1968 साली जाहीर झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. 2003 मध्ये वाढवून ते बारा चौरस किलोमीटरच्या आसपास झालं. म्हणजे आताही लहानच. मुलांच्या दृष्टीने मला हेच सोयीचं वाटतं. फाटकातून आत शिरलं की पाच मिनिटांत डोक्यावर झाडी येते, वाघ-बिबट्याच्या आशेने जीपमध्ये ताटकळत बसावं लागत नाही, आणि कोणी कंटाळलं तर परत फिरायलाही वेळ लागत नाही.

आम्ही डिसेंबरात गेलो. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. पनवेलपासून अंतर जेमतेम बारा किलोमीटर, पण रस्ता मुंबई-गोवा महामार्ग आहे आणि सुटीच्या दिवशी अलिबागला निघालेल्या गाड्या त्याच रस्त्याने जातात. त्यामुळे भल्या पहाटे निघा. पक्ष्यांसाठीही तेच बरं, उन्हं वर आली की जंगल गप्प होतं. पनवेलहून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी फाटकाजवळ सोडते. मात्र येताना किंवा जाताना एकदा तरी महामार्ग ओलांडावाच लागतो आणि तिथे ट्रक भरधाव असतात. धाकट्याला सरळ कडेवर घ्या, हात धरण्यावर भागवू नका. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. थोरल्या मुलांना तेवढी गोष्ट गाडीत सांगून ठेवा.

फाटकावर प्लास्टिकची तपासणी होते. बाटल्या, पाकिटं मोजतात, अनामत घेतात आणि परत येताना वस्तू दाखवल्या की पैसे परत करतात. मला हा नियम फार आवडतो. स्टीलच्या बाटल्या आणि डब्यातला खाऊ नेला की हा प्रश्नच उरत नाही. स्वच्छतागृह फाटकाजवळच वापरून घ्या. खाऊ मात्र तिथे उघड्यावर काढू नका. माकडं टपून असतात आणि मुलांच्या हातातली वस्तू त्यांना सहज हिसकावता येते.

आत दोन निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल छोटी, मोरटाका लांब. लहानग्यांसाठी हरियालच घ्या आणि तीही पूर्ण करायची असं ठरवून जाऊ नका. मुलांना थांबायला भरपूर वेळ दिला की सगळं दिसतं. ‘चल, चल, पुढे पक्षी आहेत’ म्हणून ओढत नेलं की ना पक्षी दिसतात, ना मुलं रमतात.

आमचा सगळ्यात मोठा मुक्काम झाला एका कोळ्यापाशी. वाटेच्या कडेला दोन झाडांमध्ये जायंट वुड स्पायडरचं जाळं होतं, हाताच्या वितींनी मोजायला गेलो तर आम्हीच थकलो असतो इतकं रुंद. तिरप्या उन्हात त्याचे धागे खरोखर पिवळेधमक दिसत होते. मधोमध काळी-पिवळी मादी, पाय ताणून उलटी बसलेली. तिच्याजवळ एक लालसर ठिपका होता. थोरलीने भिंग हवेत धरून बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, “आई, हे तिचं बाळ आहे का?” तो नर होता, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. मादीचं नुसतं अंगच चार-पाच सेंटिमीटर भरतं. हे ऐकल्यावर दोघं तिथून हलायलाच तयार होईनात. पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत ही जाळी हमखास दिसतात. हात लावू नका म्हणून सांगावंही लागलं नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत एक युक्ती सांगते. या जंगलात अर्धा तास काहीच हलत नाही आणि मग एकाएकी सगळी झाडं जागी होतात. वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून किडे शोधत फिरत असतात. एकाने उडवलेला किडा दुसरा टिपतो, आणि पहाऱ्याला डोळेही जास्त मिळतात. असा थवा आला की त्याच्या मागे धावू नका, आहात तिथे खाली बसा. आमच्या अंगावरून चष्मेवाले गेले, निखार गेले, एक सुतार खोडावर गोल फिरून गेला. शेवटी भृंगराज आला. शेपटीची दोन लांब पिसं, टोकाला काळे गोंडे. धाकटा ओरडलाच, “आई, त्याच्या मागे दोन भुंगे लागलेत!” पक्षी अर्थात उडाले, पण मी त्याला रागावले नाही. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, हे सांगितल्यावर घरी येईपर्यंत गाडीत नकलाच चालू होत्या.

दुर्बीण एकच न्या आणि ती मोठ्यांसाठी. चार-पाच वर्षांच्या मुलाला तिच्यातून पक्षी सापडत नाही, तो नुसता चिडतो. त्याच्या हातात साधं भिंग द्या. खोड, किड्यांनी खाऊन शिरांपुरतं उरलेलं सागाचं पान, मुंग्यांची रांग, सगळं त्याच्याच उंचीवर असतं.

आता खाजकुइलीबद्दल, कारण हिवाळ्यात ही खरी काळजीची गोष्ट आहे. वेलीला मऊ मखमली तपकिरी शेंगा लागतात आणि त्या पाहून कुठल्याही मुलाचा हात पुढे जाणारच. फाटकातून आत शिरल्यावर पहिली शेंग दिसेल तिथेच ती लांबून दाखवून द्या. अंगाला लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढली की बरीचशी कुसं निघतात, मग साबणाने धुवायचं. पट्टीचं एक रीळ पिशवीत ठेवाच. पूर्ण पँट, पूर्ण बाह्या आणि बंद बूटही त्यासाठीच. अत्तर, सेंट काही लावू नका, मधमाश्या आहेत.

पावसाळ्यात तिबोटी खंड्या इथे घरटी करतो. इतका रंगीबेरंगी पक्षी मुलांना दाखवावा असं कोणालाही वाटेल. पण वाटा निसरड्या असतात, आणि घरट्यापाशी गर्दी झाली तर पिल्लांना चारा भरवणं अडतं. पाहायचाच असेल तर दुरून, काही मिनिटं, आणि मुलं गप्प बसू शकतील एवढी मोठी झाल्यावर. लहानांना त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्च बरा. पांगारा आणि सावर फुलतात, मधासाठी पक्षी त्याच त्या झाडावर येत राहतात, आणि चालून दमलेल्या मुलांनाही एका जागी बसून ते पाहता येतात. आमची पुढची फेरी तेव्हाच.