जुन्या पत्त्याचं चित्र

लग्नाच्या वेबसाइटचं काम आमच्या धंद्यात हलकं समजतात. दोन नावं, चार फोटो, एक नकाशा, झालं. नव्या मुलाचा हात बसावा म्हणून हेच काम त्याच्यापुढे सरकवतात. मला ते आवडतं. ही साइट उघडणारा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या तरी गाडीत मागे बसलेला असतो, उशीर झालेला असतो, आणि त्याला फक्त तीन गोष्टी हव्या असतात: कुठे यायचं, किती वाजता, आणि वाट चुकली तर फोन कुणाला करायचा. साइट करून घेणाऱ्यांना मात्र या तिन्ही गोष्टी सोडून बाकी सगळं हवं असतं.

या जोडप्यातल्या वधूनं दोघांची गोष्ट स्वतः लिहून दिली होती. चांगली लिहिली होती, उगाच गोड नव्हती. वराकडच्यांना साइट उघडली की गाणं वाजायला हवं होतं. मोबाइलचे ब्राउझर आवाजासकट काही आपोआप वाजू देत नाहीत, हे मी दिलगिरीच्या सुरात सांगितलं. दिलगिरी अर्थातच खोटी होती.

बाहेरच्यांच्या लक्षात न येणारं काम वेगळंच असतं. अमुक दिवशी अमुक वाजता दोन्ही कुटुंबं घराबाहेर असणार, हे आपण जगजाहीर करत असतो. म्हणून साइट शोधयंत्रात येऊ द्यायची नाही. पासवर्ड ठेवला तर पाहुणे विसरतात आणि रात्री अकराला यजमानांना उठवतात. म्हणून पत्ता सहज ओळखता येणार नाही असा ठेवायचा आणि पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’, असं लिहायचं. शोधयंत्रानं साइटवरची कुठली पानं उघडायची नाहीत हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची एक फाइल असते, पुष्कळ जण तिच्यातही बंदी घालतात. तिथे घोळ होतो: शोधयंत्राला पान उघडायचीच बंदी केली, तर आतली ‘नोइंडेक्स’ची सूचना ते वाचणार कसं?

नकाशाबाबत मी हट्टी आहे. हॉलचं नाव टाकून खूण मिळवायची नाही, कारण ती खूण अनेकदा इमारतीच्या मध्यावर पडते आणि गाडी मागच्या भिंतीशी जाऊन थांबते. मी आधी जाऊन गाड्या आत शिरतात त्या फाटकात उभी राहते आणि तिथले अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत घेते. पाचव्या स्थळाला अक्षांशातला फरक साधारण एक मीटरचा असतो. फाटक गाठायला तेवढं पुरतं.

आणि फॉर्म. चारच प्रश्न ठेवले: किती जण, कुठून निघणार, फोन, आणि ‘हा फोन कुणाचा’. शेवटचा प्रश्न बघून वराची बहीण हसली होती. सगळा व्यवहार तीच सांभाळत होती. पण येणार असल्याचं कळवतो एक जण आणि त्याच्यामागे सात माणसं असतात, त्यातल्या दोघांकडे साधा फोन. ही दोघं कोण ते आधीच कळलेलं बरं.

लग्नाच्या दिवशी पहाटे तिचाच फोन आला. “ताई, हॉल बदललाय.” रात्री हॉलचं विजेचं मुख्य पॅनल जळालं होतं आणि व्यवस्थापनानं त्यांचाच दुसरा हॉल देऊ केला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. लग्न दुपारचं. व्यवस्थापकांनी ही बातमी इतक्या शांतपणे दिली म्हणे, जणू पाहुण्यांना खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बसायला सांगायचं होतं.

पहिला दिलासा छापील पत्रिकेनं दिला. तिच्यावरचा क्यूआर कोड मी थेट नकाशाच्या दुव्यावर नेला नव्हता, आमच्या डोमेनवरच्या एका छोट्या पत्त्यावर नेला होता. कोडात जे छापलं ते कायमचं. त्या पत्त्यावर काय दाखवायचं ते मात्र आपल्या हातात राहतं. हा कोड मुळात १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढलेला. तो मळला तरी वाचता यावा अशी सोय त्यात आहे. सर्वांत वरची पातळी ठेवली तर जवळपास ३० टक्के भाग खराब होऊनही चालतं. आमच्या डिझायनरला कोडाच्या मधोमध दोघांची आद्याक्षरं बसवायचीच होती, ती या सवलतीवर बसली.

नव्या जागेच्या फाटकाची खूण माझ्याकडे नव्हती. ती मिळाली सजावटीचं सामान उतरवणाऱ्या टेम्पोच्या चालकाकडून. व्यवस्थापकांनी पाठवलेला पत्ता मुख्य रस्त्यावरचा होता, आणि तिथून आत वळायला जागाच नाही, हे त्यालाच ठाऊक होतं.

मग मी मुखपृष्ठ उतरवलं. व्हिडिओ, फोटो, गोष्ट, सगळं. त्याजागी एक पान: जागा बदलली आहे, नवा पत्ता, नकाशाचं बटण, वेळ, दोन फोन नंबर, दाबले की लागणारे. नावं खाली एका ओळीत. पान १४ केबीच्या आत ठेवलं, कारण जोडणी झाल्यावर सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण तेवढाच मजकूर पाठवतो. त्याहून मोठं पान पुढच्या फेरीची वाट बघतं, आणि गर्दीतल्या अशक्त नेटवर्कवर प्रत्येक फेरी जाणवते. सुंदर देवनागरी फाँटही काढला. जोडाक्षरांमुळे त्या फाइली जड असतात आणि कुणी आंधळेपणानं छाटल्या तर ‘क्ष’चे तुकडे पडतात. फोनमध्ये असलेला फाँट पुरे. डिझायनर म्हणाला, “हे रेल्वेच्या सूचनेसारखं दिसतंय.” मी म्हणाले, तसंच दिसायला हवंय.

सकाळचे आठ वाजायच्या आत साइट बरोबर होती. लोक मात्र जुन्याच हॉलकडे निघायच्या तयारीत होते.

दुवा पाठवला की व्हॉट्सॲपवर खाली जे चित्र आणि शीर्षक दिसतं, त्या प्रीव्ह्यूचं हे प्रकरण. त्यात काय दाखवायचं ते साइटनं पानाच्या कोडमधल्या ‘ओपन ग्राफ’ नावाच्या खुणांनी सांगायचं, ही पद्धत २०१० पासूनची. डिझायनरनं त्या चित्रात दोघांच्या नावांखाली हॉलचं नाव आणि वेळ सुरेख अक्षरात घातली होती. माझा विरोध होता. वराच्या मामांना ते फार आवडलं आणि विषय संपला. मामा काही चूक नव्हते म्हणा. पाहुण्यांना हवं ते सगळं त्या चित्रातच मिळत होतं. म्हणूनच तर साइट उघडायची गरज कुणाला उरली नव्हती.

व्हॉट्सॲपचे संदेश दोन टोकांमध्येच वाचता येतात, मधल्या सर्व्हरला आतलं दिसत नाही. त्यामुळे प्रीव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि संदेशाला चिकटून जातो. मी साइटवरचं चित्र हजारदा बदललं तरी गेलेल्या संदेशातलं बदलणार नाही. पुढे ढकललेल्या संदेशाबरोबरही जुनंच जातं. मी चित्र बदललं, मोठ्या अक्षरांत ‘जागा बदलली’ लिहिलं, दुव्याच्या शेवटी एक आकडा जोडून तो नवा केला म्हणजे फोन नव्यानं चित्र आणेल, आणि बहिणीला म्हणाले की आता हाच पाठवा, जुना कुणीही पुढे ढकलू नका.

तरीही लोक जुनाच ढकलत होते! गटात एखाद्यानं “पत्ता पाठवा” म्हटलं की दुसरा वर जाऊन तेच देखणं चित्र शोधून काढायचा. आमचं नवं चित्र कुरूप होतं आणि कुरूप गोष्ट पुढे पाठवायला लोकांना संकोच वाटतो. असं काही मी याआधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी कॅलेंडरची फाइल उतरवून घेतली होती त्यांच्या फोनमध्ये तर जुना हॉल पक्काच बसला होता. तोच यूआयडी, म्हणजे नोंदीचा ओळख-क्रमांक, ठेवून सीक्वेन्सचा, म्हणजे कितव्यांदा बदल केला त्याचा, आकडा वाढवला की नवी फाइल जुन्या नोंदीवर बसू शकते, पण त्यासाठी माणसानं ती पुन्हा उतरवायला हवी.

शेवटी कामाला आला फॉर्म. बहिणीनं आणि तिच्या चुलत भावंडांनी यादी वाटून घेतली. ‘हा फोन कुणाचा’ या रकान्यावरून आधी साध्या फोनवाल्यांना गाठलं, मग लांबून निघणाऱ्यांना. जुन्या हॉलच्या दारात एक मुलगा उभा केला. काही जण तिथे पोचलेच, पण लग्न चुकलं असं कुणाचं ऐकलं नाही. मामांनी संध्याकाळी फोन करून साइटचं कौतुक केलं आणि त्याच दमात म्हणाले, “पण मॅडम, पहिलं चित्रच छान होतं.”

मग वधूचा संदेश आला. रागाचा नव्हता. तिनं लिहिलं होतं की त्या दिवशी साइट उघडून तिला आपली गोष्ट सासरच्या एका आजींना दाखवायची होती, आणि तिथे फक्त पत्ता होता. सकाळच्या गडबडीत तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी बहिणीशी बोलत होते. वधू तेव्हा तयार होत होती.

गोष्टीचं पान काढलं नसतं, नुसतं मागे ढकललं असतं, तर चाललं असतं का? तांत्रिकदृष्ट्या एक दुवा, काही बाइट. पण एक दुवा ठेवला की दुसरा मागितला जातो, आणि पाहुण्याचा अंगठा नेमका तिथेच पडतो, हे मी पुष्कळ साइटींवर पाहिलंय. म्हणून आजही मी ते पान तसंच करेन. विचारून करेन का, हे सांगता येत नाही. विचारलं असतं तर ती ‘हो’ म्हणाली असती, आणि ‘नाही’ म्हणाली असती तरी मी ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गोष्ट परत लावली. आकडेवारी बघितली तर लग्नाआधी ते पान फारसं कुणी उघडलेलं नव्हतं. लग्नानंतर मात्र वाचलं, शेवटपर्यंत वाचलं. हे मी वधूला कळवलं. “मग आधी का नाही वाचलं?” असं तिनं विचारलं. त्यावर मी काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि पुढच्या कामाच्या फाइलीत डिझायनरनं प्रीव्ह्यूच्या चित्रात पुन्हा हॉलचं नाव घातलेलं दिसलं म्हणून आधी त्याच्याकडे गेले.