फळ्यांची आयात: जपान आणि अमेरिका

फोंड्यातील आमच्या घराच्या स्वयंपाकघरासाठी कपाटे करून घेताना सुताराने एमडीएफला (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीला) ठाम नकार दिला, कारण गोव्याच्या पावसाळ्यात ते फुगते. त्या निमित्ताने प्लायवूड, पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी), ओएसबी (लाकडाच्या पातळ चिपट्या चिकटवून केलेली फळी), एमडीएफ अशा लाकूडजन्य फळ्यांच्या जागतिक व्यापाराकडे माझे लक्ष वळले.

जपानच्या आयातीचा आलेख जंगलांच्या धोरणाने घडवलेला आहे. दक्षिण-पूर्व आशियातून ओंडके आणून प्लायवूड स्वतःच्या गिरण्यांत तयार करणाऱ्या या देशाला, इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात पूर्णपणे बंद केल्यावर, तयार प्लायवूडच मोठ्या प्रमाणावर विकत घ्यावे लागले. पुढे, विशेषतः २००० नंतर, जपानी गिरण्या देशी सुगी (जपानी सीडर) लाकडाकडे वळल्या आणि परदेशी मालावरील अवलंबन घटले. त्यातच घरबांधणीही मंदावली: १९९६ मध्ये तेथे सुमारे १६ लाख घरांची बांधकामे सुरू झाली होती. २००९ मध्ये ती संख्या जेमतेम ८ लाखांच्या आसपास होती.

अमेरिकेची आयात मात्र घरबांधणीच्या लाटेवर हेलकावते, आणि तिचा मोठा भाग, मुख्यतः ओएसबी, शेजारच्या कॅनडातून येतो. २००५ मधील सुमारे २० लाख नव्या घरांचा आकडा २००९ मध्ये साडेपाच लाखांवर कोसळला, तेव्हा फळ्यांची मागणीही ओसरली.

अशी तुलना घनमीटरांत करावी, डॉलरांत नव्हे. २०२१ मध्ये भाव इतके भडकले होते की केवळ रक्कम पाहणाऱ्याला आयात प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक वाढल्याचा भास व्हावा.