ब्रेक दाबला की टेललाइट विझतो

जुन्या गाडीचे दिवे नीट लागेनात की पहिला बळी बॅटरीचा जातो. मग फ्लॅशरचा (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी), मग स्विचचा. मालकाचा खिसा हलका होतो आणि दिवा मिणमिणतो तो मिणमिणतोच. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मोजल्याशिवाय काहीही बदललं की माझं डोकं फिरतं.

माझ्या आतेभावाकडे, दादाकडे, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, आतोबांनी नवी कोरी घेतलेली. मध्यंतरी त्यानं तिचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. रंग असा चढला की गल्लीतली पोरं बॉनेटमध्ये बघून भांग पाडायला लागली. आणि तिथूनच दिव्यांचं भूत मागे लागलं. डावा इंडिकेटर दिला की त्या बाजूचा टेललाइटही मंद लुकलुकायचा. रात्री ब्रेक दाबला की डावीकडचा दिवा उजळायच्या ऐवजी चक्क विझायचा. वायरमननं फ्लॅशर बदलला, ब्रेकचा स्विच बदलला आणि शेवटी मला म्हणाला, "ताई, जुन्या गाडीचं असंच असतंय."

असं काही नसतं. हे लक्षण खराब अर्थचं, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या करंटच्या परतीच्या रस्त्याचं आहे, आणि इतकं स्वच्छ आहे की गाडी न उघडता सांगता येतं.

टेललाइटच्या बल्बात दोन फिलामेंट असतात, ५ वॅटचं टेलचं आणि २१ वॅटचं ब्रेकचं. दोघांचा परतीचा रस्ता एकच: बल्बची टोपी, होल्डर, गाडीचा पत्रा. तो रस्ता तुटला की टेलचा करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरनं पलीकडच्या बल्बापर्यंत जातो आणि तिथून अर्थ गाठतो. ब्रेकचं फिलामेंट जाड, त्याचा अडथळा कमी, म्हणून टेललाइट बऱ्यापैकी लागतो आणि कुणाला शंका येत नाही. पण ब्रेक दाबला की त्या चोरवाटेच्या दुसऱ्या टोकालाही १२ व्होल्ट येतात. दोन्हीकडून दाब सारखाच, मग करंट वाहणार कुठे? दिवा गुल. इंडिकेटरचंही तेच, त्याचा करंट टेलच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन होल्डरच्या धातूला, आणि दादाला ब्रेक दाबायला लावला. चांगला अर्थ असेल तर आकडा ०.२ च्या आत राहायला हवा. इथे ११ च्या वर. दिव्याचा अख्खा सेट अर्थ घेतो तो स्क्रू खोलला तर खाली पत्र्यावर तोच देखणा रंग, दोन हात दिलेला! पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरी केली, दातेरी वॉशर टाकून स्क्रू आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. शिवाय होल्डरपासून चॅसीपर्यंत एक वेगळी काळी वायर ओढली, म्हणजे पुढच्या रंगकामाची भीती नाही.

एक सांगते, अर्थ तपासायला मीटरच्या बीपवर, म्हणजे जोड सापडला की वाजणाऱ्या आवाजावर, जाऊ नका. वायरचा केसाएवढा एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजते. २१ वॅटच्या बल्बाला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या धाग्याला झेपत नाहीत. दिवा चालू ठेवून व्होल्टेज मोजायचं, तेच खरं.

हात काळे झालेच होते म्हणून हेडलाइटही पाहिले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बावर ११.२. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड साधारण तीस टक्के पडतो, त्यामुळे इथे निम्मा उजेड वाटेतच खर्च होत होता. दादाच्या गाडीत रिले, म्हणजे थोड्या करंटवर कॉइल चालवून मोठा करंट जोडणारा स्विच, नव्हता. सगळा करंट जुन्या वायरीतून डॅशबोर्डपर्यंत यायचा, कार्बन धरलेल्या स्विचमधून फिरून परत पुढे जायचा. यावर बाजारातला उपाय म्हणजे १०० वॅटचे बल्ब. त्यानं स्विच आणि होल्डर दोन्ही वितळतात. अप्परला एक, डिपरला एक असे रिले लावले: रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८५ ला अर्थ आणि ८६ ला हेडलाइटची मूळ वायर. आता बल्बावर १३.३ मिळतात, आणि जुन्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचाच भार येतो.

फ्यूजबॉक्समध्ये एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडली. कुणाची करामत ते विचारलं नाही, पण आतोबा लगेच पेपर वाचायला लागले. चांदीमुळे फ्यूज कधी उडत नाही, त्याच्याऐवजी वायर जळते.

दादाला आता इंडिकेटरला एलईडी हवेत. जुना फ्लॅशर आतली पट्टी तापून चालतो, त्याला २१ वॅटच्या दोन बल्बांचा करंट लागतो. एलईडीवर तो टिकटिकणारच नाही. लाव म्हटलं, पण फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक आण, आणि बिल मला दाखवू नकोस.