लाल अंगावरची हिरवी बुट्टी

पैठणच्या एका पैठणी विक्रेत्यांचा फोन आला: "सर, साइटवर साडीचा रंग सुटल्यावानी दिसायलाय. गिऱ्हाईक म्हणतंय रंग कच्चा हाय."

फोटो पाहिला. लाल अंगावर हिरव्या मुनियांची बारीक बुट्टी, आणि तिच्या कडेला दोन्ही रंग एकमेकांत फिसकटलेले. जरीचा काठ मात्र स्वच्छ. त्यांच्या मुलानं जेपीईजीची क्वालिटी ८० वरून ९५ केली होती. फाइल दुपटीहून जड झाली, डाग तसाच राहिला. तेव्हाच कळलं, दोष क्वालिटीचा नाही, रंगाच्या सबसॅम्पलिंगचा, म्हणजे रंगाची माहिती कमी करून साठवण्याचा आहे.

जेपीईजी उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतं. ४:२:० या सेटिंगमध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा राहतो, पण रंग चार पिक्सेलमागे एकच. चेहरा, शेत, आभाळ यांत हे डोळ्याला कळतही नाही. लाल आणि गडद हिरवा यांचा उजेड मात्र जवळपास सारखा. त्यांच्यातली कड फक्त रंगावर उभी असते, आणि नेमका तोच कापला जातो. जरी उजळ म्हणून काठ वाचला. ओळखायची सोपी रीत: फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. बुट्टी दिसेनाशी झाली, तर ४:४:४, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा ठेवणारं सेटिंग, लागणारच.

मूळ फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवले. साध्या फोटोसारखे पाठवले की तिथंच दाबले जातात. ४००० × ३००० चा फोटो १६०० × १२०० केला. एवढ्यानंच पिक्सेल सहापटीनं कमी होतात, खरी बचत इथंच. मग गिंप या फोटो एडिटरमध्ये एक्सपोर्ट करताना क्वालिटी ८०, ॲडव्हान्स्डमध्ये सबसॅम्पलिंग ४:४:४. फाइल ४०० केबीची ४८० झाली, बुट्टी मात्र सुटी दिसू लागली. तपासणी १०० टक्के झूमवरच करायची. लहान करून पाहिलं तर सगळंच छान दिसतं.

जेपीईजीऐवजी वेबपी हा फॉरमॅट का नाही, असं मुलानं विचारलं. लॉसी (थोडी माहिती गाळून फाइल लहान करणाऱ्या) वेबपीत ४:२:० शिवाय पर्यायच नाही, त्यामुळे असल्या साड्यांना ते चालत नाही. एव्हिफ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये ४:४:४ मिळतं.

काही फोटो आयफोनचे होते, डिस्प्ले पी३ प्रोफाइलचे (प्रोफाइल म्हणजे फोटोतले रंग कसे दाखवायचे याची नोंद). मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत साठवलेली माहिती, सरसकट पुसला तर प्रोफाइलही जातं आणि लाल फिका पडतो. म्हणून आधी एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये रूपांतर, फोटो उभा की आडवा हेही मेटाडेटातच असतं म्हणून तो फिरवून पक्का करणं, मग पुसणं. घराचं लोकेशनही त्यातच असतं, ते ठेवायचं काही कारण नाही.