पौर्णिमेची भरती

काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कारण कुणाला सांगून पटणार नाही, माईला तर नाहीच.

संध्याकाळी गच्चीवर पोरांना माझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण वाचून दाखवलं. नेहमीचीच पाच-सहाजणं. पौर्णिमेची मध्यरात्र, ओहोटी, दोघी बहिणी वाळूतून किल्ल्याकडे निघतात आणि बुरुजावरचा दिवा विझतो. ओवीने माझा हात घट्ट धरला होता. तेवढ्यात तो हर्णैचा मुलगा हळूच म्हणाला, "काकू, पौर्णिमेला रात्री बाराला भरती असते ना?"

मला आधी कळेचना. मग त्याने बोटांवर हिशोब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. "बाराला खूप पाणी असणार. त्या बुडतील."

चूक काढल्याचा सूर नव्हता त्याचा. काळजी होती. तीच जास्त लागली.

दोन वर्षं लिहितेय हे. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत गेले होते, त्या एका दुपारवर सगळी कादंबरी उभी आहे. समुद्र माझा नाहीच. आमची गंगा, म्हणजे गोदावरीसुद्धा त्र्यंबकला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण त्याच्याकडे पाठ करून ती १,४६५ किलोमीटर वाहत पूर्वेच्या समुद्राला जाऊन मिळते. मग मीच कशाला तिकडे धाव घेतली? ज्या पाण्याची वेळ मला ठाऊक नाही, त्यात दोन पोरींना उतरवलं. बाबा असते तर त्यांनी हे पहिल्याच वाचनात... जाऊ दे.

त्या बुडतील. रात्रभर तेवढंच ऐकू येत होतं.

पहाटे चारला उठले आणि स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढून ओट्यावर पसरली. वद्य अष्टमी धरली तर सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. पण ती भांगाची. पाणी पौर्णिमेइतकं मागे हटत नाही. कोरड्या वाळूवरून जाणं विसराच, गुडघाभर पाणी तुडवावं लागणार. आणि अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तेव्हा निघताना मिट्ट काळोख.

चहा उतू गेला, मी तशीच उभी.

कारण गोष्ट नाताळच्या सुट्टीतली आहे, आणि हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर कधी कधी रात्री पाण्यात निळा उजेड दिसतो. अगदी बारीक जीव असतात, पाणी ढवळलं की चमकतात. लख्ख चांदण्यात तो उजेड फिका पडला असता. काळोखात धाकटी पाऊल टाकेल आणि तिच्या घोट्याभोवती निळं कडं उमटेल. ती थांबली की विझेल. मग दहा हातांवर, जिथे कुणीच नाही, तिथे दुसरं कडं उमटेल. त्यापुढे अजून एक. किल्ल्याकडे जाणारं.

हे भूत मला पौर्णिमेच्या उजेडात कधी दिसलंच नसतं.

सातवं प्रकरण फाडलं नाही, बाजूला ठेवलंय. शाळा सुटली की त्या मुलाला गाठायचंय. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाखालची वाळू कुठल्या बाजूला सरकते, ते त्याला विचारायचंय.